बॉम जीझसच्या भिंतींवर गिलावा परत हवा

जुन्या गोव्यातील बॉम जीझस बासिलिका आज जशी तांबूस, उघडी आणि खरबरीत दिसते, तशी ती गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षेच दिसते आहे. 24 नोव्हेंबर 1594 रोजी तिचा पाया घातला गेला आणि 15 मे 1605 रोजी आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी तिचे पवित्रीकरण केले. पुढची साडेतीनशे वर्षे तिच्या जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. जुन्या छायाचित्रांत या भिंती पांढऱ्या दिसतात. 1950च्या दशकात बाल्ताझार काश्त्रू या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली तो गिलावा खरवडून काढला गेला. इमारत अधिक जुनी, अधिक भव्य दिसावी एवढाच त्यामागचा विचार होता. तेव्हापासून दर पावसाळ्यात जांभ्याचा थोडा थोडा भाग पाण्याबरोबर निघून जातो आहे. 2020 साली बासिलिकेच्या रेक्टरांनीच, म्हणजे तिथल्या प्रमुख धर्मगुरूंनीच, याबद्दल जाहीरपणे धोक्याची सूचना दिली आणि प्रश्न चर्चेत आला. गिलावा परत चढवावा की आजचे लाल रूपच जपावे, यावर तेव्हापासून दोन तट आहेत. माझे मत स्पष्ट आहे: गिलावा परत चढवला पाहिजे, तो चुन्याचाच असला पाहिजे, आणि त्यासाठी लागणारे कसब जुन्या गोव्यातच कायमचे वसवले पाहिजे.

हा केवळ एका चर्चचा प्रश्न नाही. जुने गोवे हे कॅथेड्रलचे, म्हणजे आर्चबिशपच्या मुख्य चर्चचे, शहर आहे, आणि आता फार छोटे झालेले शहर आहे. 25 नोव्हेंबर 1510 रोजी, संत कॅथरीनच्या सणादिवशी, आफोन्सो द आल्बुकेर्कने ते आदिलशाहीकडून घेतले. 1530पासून ती पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेची राजधानी होती. 1534मध्ये येथे धर्मप्रांत झाला आणि 1558मध्ये आर्चबिशपचे पीठ आले. से कॅथेड्रलचे बांधकाम 1562 साली सुरू झाले, मुख्य इमारत 1619मध्ये पुरी झाली आणि 1640मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. ते संत कॅथरीनलाच वाहिलेले आहे. आज व्हाइसरॉय नाही, बंदराची गर्दी नाही, आर्चबिशप पणजीच्या आल्तिनोवर राहतात, आणि एके काळी राजधानी असलेल्या या गावाचा स्थानिक कारभार ग्रामपंचायत बघते. पण पीठ इथेच आहे. दर 3 डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तासाठी, आणि त्याआधी 24 नोव्हेंबरपासून चालणाऱ्या नोवेनांसाठी, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनांसाठी, गोव्यातूनच नव्हे तर सिंधुदुर्ग आणि बेळगाव भागातूनही भाविक येतात, काही तर चालत. 'गोंयचो सायब' म्हणून त्याला हात जोडणाऱ्यांत हिंदूही असतात. गोवा वेल्हा येथे ईस्टरआधीच्या उपवासकाळात निघणारी संतांची मिरवणूक अनेक जण याच गावाची समजतात, पण ते गाव निराळे आहे, इथून दक्षिणेला. नावांच्या सारखेपणामुळे पर्यटनाच्या पत्रकांतही ही चूक आढळते.

शहर का ओस पडले, हे समजून घेतले तर बासिलिकेचे दुखणेही समजते. जुन्या गोव्याची जमीन आणि बांधकामाचा दगड एकच: जांभा. लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा हा दगड खाणीतून काढताना इतका मऊ असतो की पारईने, कुऱ्हाडीने चिरे पाडता येतात. हवा लागली की त्यातले लोह घट्ट होते आणि चिरा कडक बनतो. पण तो सच्छिद्रच राहतो. त्याच्या भोकांत पिवळी-पांढरी माती भरलेली असते, आणि चिऱ्याचा बराचसा भरीवपणा त्या मातीमुळेच असतो. सांडपाणी अशा जमिनीतून झिरपून विहिरींत गेले आणि साथींनी शहराची लोकसंख्या ओसरली, असे कारण इतिहासकार देतात. व्हाइसरॉय 1695मध्ये शेजारच्या पणेलीला हलले आणि 1843मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. मागे राहिलेले वाडे पाडून त्यांचे चिरे पणजीच्या बांधकामांना नेण्यात आले. ज्या सच्छिद्रपणाने विहिरी नासल्या, तोच आज बासिलिकेच्या भिंतीत पाणी ओढून घेतो.

भिंतीत नेमके काय घडते? गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. वाऱ्यासोबत तो भिंतीवर आडवा आपटतो. उघड्या जांभ्याच्या भोकांत पाणी शिरते, तिथली माती सैल होऊन ओघळते, आणि मागे लोहाची पोकळ जाळी उरते. उन्हाळ्यात ती जाळी तापते, कोरडी पडते आणि हाताने चोळली तरी भुगा सुटतो. पुढच्या पावसाला आत जायला वाट आणखी मोठी झालेली असते. त्यात शेवाळ धरते, कंगोऱ्यांवर पिंपळाची आणि वडाची रोपे रुजतात, त्यांची मुळे सांध्यांत घुसतात. सांध्यांमधला जुना चुना झिजला की चिऱ्याच्या कडा उघड्या पडतात, आणि चिरा कडेनेच सर्वांत लवकर खचतो. दर्शनी भागावरचे कोरीव खांब आणि चौकटी मात्र टिकून आहेत, कारण तो वसईहून गलबतांतून आणलेला काळा दगड आहे. बेसाल्टला गिलाव्याची गरज नव्हती, जांभ्याला होती. बांधणाऱ्यांना हा फरक नीट ठाऊक होता. म्हणून कोरीव काम काळ्या दगडात, उघडे, आणि भिंत जांभ्यात, चुन्याने झाकलेली, अशी त्यांची योजना होती. पांढऱ्या भिंतीवर काळे कोरीव काम उठून दिसावे हीही त्यातली दृष्टी. आज लाल पार्श्वभूमीवर ते निम्मे बुडून जाते.

जुन्या कोकणात हे ज्ञान घराघरांत होते. जांभ्याच्या किंवा मातीच्या भिंतीला पावसाच्या बाजूने नारळाच्या झापांचा आडोसा बांधायचा, पाऊस गेला की उतरवायचा. देवळाला, चर्चला, वाड्याला तो आडोसा कायमचा हवा असे, तिथे गिलावा. शेतकऱ्याचे इरले जसे स्वतः भिजून माणसाला कोरडे ठेवते, तसे गिलावा स्वतः झिजून चिऱ्याला जपतो. तो झिजला, कुठे फुगला, पडला, तर त्यात त्याचा दोष नाही. त्याला बसवलेच मुळी झिजण्यासाठी. वर्षाला पाहणी, दर काही वर्षांनी चुन्याची सफेदी, दहा-वीस वर्षांनी पडलेल्या भागाची दुरुस्ती, हा क्रम चालू राहिला तर आतला चिरा शतकानुशतके तसाच राहतो.

पुरावा समोरच, रस्त्यापलीकडे आहे. से कॅथेड्रलही जांभ्याचेच, त्याला पाऊसही तोच लागतो. पण त्याच्या भिंती गिलाव्याखाली आहेत आणि नियमाने पांढऱ्या केल्या जातात. त्याचा एक मनोरा 1776 साली कोसळला आणि परत बांधला गेला नाही, त्यामुळे त्याचे दर्शन एका बाजूला रिकामे वाटते. उरलेल्या मनोऱ्यात 'सोनेरी घंटा' अजून आहे. पण भिंतीचा पृष्ठभाग म्हणाल तर तिथे बासिलिकेसारखी चाळण झालेली नाही. एकाच दगडाला दोन प्रकारे वागवले तर काय होते, हे जुन्या गोव्यात दोन-तीन मिनिटे चालून पाहता येते.

उलट टोकाचे उदाहरण टेकडीवर आहे. संत ऑगस्टीनचे चर्च 1602मध्ये पुरे झाले. 1830च्या दशकात धर्मसंघांवर बंदी आली, साधू गेले, इमारतीला रोज बघणारे कोणी उरले नाही. 1842मध्ये छताची कमान कोसळली. 1931मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला, 1938मध्ये आणखी काही. आता 46 मीटर उंचीचा मनोऱ्याचा तुकडा उभा आहे आणि लोक त्यासमोर छायाचित्रे काढतात. त्या चर्चची घंटा 1871पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. छत पडायला दहा वर्षेही लागली नाहीत. जांभ्याच्या इमारतीला माणसांची नजर आणि हात किती लवकर लागतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधायला नको.

गिलाव्याला विरोध करणाऱ्यांची बाजू हलकी नाही. पहिला मुद्दा ओळखीचा. तीन पिढ्यांनी बासिलिका लालच पाहिली, पोस्टकार्डांवर, तिकिटांवर, घरातल्या चौकटींत ती लालच आहे. या भावनेचा मान राखला पाहिजे. पण ज्या रूपाला आपण परंपरा म्हणतो ते एका अधिकाऱ्याने एका दशकात घेतलेल्या निर्णयाचे फळ आहे, हे लपवून ठेवता येत नाही. पोर्तुगालमध्ये सरकारी स्मारक खात्याने, 1929च्या स्थापनेनंतर, अनेक चर्चांवरचे गिलावे उतरवून आतला दगड उघडा केला. मध्ययुगीन शुद्धतेची ती तेव्हाच्या पोर्तुगीज राजवटीची आवड होती. तिथे उत्तरेकडे तो दगड बहुतेक ठिकाणी ग्रॅनाइट होता आणि त्याने ते सोसले. तीच आवड जांभ्यावर आणि गोव्याच्या पावसात लादणे ही तांत्रिक चूक होती. ती चूक जुनी झाली म्हणून वारसा होत नाही.

दुसरा मुद्दा जागतिक वारशाचा. गोव्यातील चर्च आणि मठ 1986मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हा बासिलिका लाल होती, मग रूप बदलले तर दर्जाला धक्का बसेल का? यादीतला मान हा इमारतीच्या मूल्याला आहे, तिच्या झीजेला नाही. मूळ साहित्य, मूळ रचना आणि मूळ तंत्र यांना जवळ नेणारी, परत काढता येणारी दुरुस्ती हेच जगभर मान्य झालेले तत्त्व आहे. चुन्याचा गिलावा परत काढता येतो, चिऱ्याची वाहून गेलेली माती परत आणता येत नाही. तरीही एक तडजोड मला योग्य वाटते: आडोशाच्या एखाद्या भिंतीवर, वळचणीखाली, दोन-तीन चौरस मीटरचा पट्टा उघडा ठेवावा आणि तिथे 1950च्या दशकात काय घडले ते लिहावे. इतिहास पुसण्याची गरज नाही, त्यासाठी अख्खी इमारत झिजवत ठेवण्याचीही नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर आहे: आता हे तंत्र नीट येते कोणाला? चुकीचा गिलावा उघड्या चिऱ्यापेक्षा वाईट ठरतो, हे खरे आहे. म्हणूनच काम कसे व्हावे, हे तपशिलाने बोलले पाहिजे.

पहिली अट सिमेंट नको. सिमेंटचे कवच जांभ्यापेक्षा कडक आणि जवळजवळ बंद असते. जमिनीतून चढलेली ओल आणि छपरातून उतरलेली ओल त्यामागे अडकते, क्षार तिथेच साचून स्फटिक होतात, आणि चिऱ्याचा पापुद्रा सिमेंटसकट सुटतो. गेल्या काही दशकांत सांधे भरताना जिथे सिमेंट वापरले गेले असेल तिथे ते छिन्नीने हलक्या हाताने काढावे लागेल. यंत्राने काढले तर चिऱ्याची कड जाते. पाणी न शिरू देणाऱ्या रासायनिक लेपांबद्दलही तेच: बाहेरचे पाणी अडते, पण आतले अडकून राहते.

दुसरी अट, भिंतीआधी पाणी. छपराची कौले, पन्हळी, कंगोऱ्यांवरचे उतार आणि पायथ्याची जमीन हे आधी नीट करायचे. भिंतीलगतची जमीन भर घालून किंवा फरशी टाकून उंचावली असेल तर ओल भिंतीत वर चढते. त्या भागात फरशी काढून खडीची चर करावी लागते. हे न करता गिलावा चढवला तर तो पहिल्या दोन पावसाळ्यांत खालच्या मीटरभर उंचीवर फुगतो, आणि मग दोष चुन्याला दिला जातो.

मग भिंत. सैल झालेला भुगा मऊ ब्रशने काढायचा, रोपांची मुळे आतवर उपसायची, मेलेला चुना सांध्यांतून दोन-अडीच सेंटिमीटर खोल खरवडायचा. जिथे चिरा खोल झिजला आहे तिथे जाड गिलाव्याने खळगा भरायचा मोह होतो. तो टाळायचा. खळग्यात जांभ्याच्या चिपा चुन्यात बसवून भिंत सपाटीला आणायची आणि ते भरण आठवडाभर तरी सुकू द्यायचे. पूर्ण कुजलेला चिरा बाहेर काढून नवा बसवायचा, तोही खाणीतून काढल्यावर निदान एक पावसाळा उघड्यावर ठेवून कडक झालेला.

चुना आधीपासून तयार हवा. किनारपट्टीवर शिंपले भाजून चुना करत, घाटावर चुनखडी. कळीचा चुना पाण्यात विरवताना तो उकळतो. त्यानंतर तो चाळून, पाण्याखाली, निदान दोन-तीन महिने मुरवावा लागतो. न विरलेला खडा गिलाव्यात राहिला तर महिन्या-दोन महिन्यांनी तिथे फोड येऊन खळगा पडतो. साधे प्रमाण एक भाग मुरलेला चुना आणि तीन भाग नदीची धारदार, धुतलेली रेती. खाडीची खारी रेती कधीच नाही. पावसाच्या तोंडच्या भिंतींना तीनपैकी एक भाग रेतीऐवजी भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, घालावी. निव्वळ चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने घट्ट होतो आणि तो वेग महिन्याला ढोबळमानाने एखादा मिलिमीटर असतो. सुरखीमुळे ओलीतही तो धरतो, म्हणून पहिल्या पावसाआधी त्यात पुरेशी ताकद येते. हे मिश्रण नुसते फावड्याने कालवून चालत नाही, चुन्याच्या घाण्यात मळावे लागते. सह्याद्रीतल्या कित्येक किल्ल्यांवर अशा घाण्याचा गोल चर आणि दगडी चाक अजून दिसते. तेच तत्त्व. गूळ, हिरडा, बेलफळाचे पाणी अशी जुनी मिश्रणे अनेक गवंडी सांगतात. ती आधी नमुन्याच्या पट्ट्यावर तपासावीत, कारण गोडव्यावर बुरशीही धरते.

भिंत आदल्या दिवसापासून भिजवून, पण पाणी ओघळत नसताना, पहिला हात दहा मिलिमीटरच्या आत मारायचा आणि तो खरवडून ठेवायचा. जाड हात मारला की सुकताना भेगा पडतात. आठ-दहा दिवसांनी दुसरा हात, त्यानंतर चार-पाच मिलिमीटरचा शेवटचा. प्रत्येक हातावर ओले गोणपाट टांगून ऊन अडवायचे आणि दिवसातून दोन-तीनदा पाणी मारायचे. चुना लवकर सुकला तर तो घट्ट होत नाही, नुसता वाळतो आणि बोटाला पांढरा लागतो. शेवटी दुधासारख्या पातळ सफेदीचे चार-पाच हात, प्रत्येकी एक दिवस थांबून.

या कामाचा हंगामही ठरलेला आहे. फेस्त 3 डिसेंबरला. त्याआधी परांची उभी करून भाविकांची अडचण करणे योग्य नाही. फेस्तानंतर सुरुवात केली तर डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत चार महिने मिळतात. एप्रिल-मेमध्ये फक्त पाणी मारणे आणि देखरेख, म्हणजे जूनच्या पावसाला गिलावा दोन महिन्यांचा तरी होतो. एका हंगामात पूर्ण इमारत करायचा आग्रह धरला तर घाई होणार आणि काम बिघडणार. दर हंगामाला एक बाजू, तीही सर्वांत कमी दिसणारी आधी, असे चालावे. पहिल्या वर्षी फक्त नमुन्याचे पट्टे, वेगवेगळ्या प्रमाणांचे, आणि एक पूर्ण पावसाळा त्यांचे निरीक्षण.

इतके कसब एखाद्या निविदेतून, सर्वांत कमी दराने, दोन वर्षांसाठी येणार नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे या वास्तूंची जबाबदारी आहे आणि प्राचीन स्मारकांच्या 1958च्या कायद्याचे, 2010च्या दुरुस्तीनंतरचे, 100 मीटर निषिद्ध आणि पुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्राचे बळही आहे. 2021मध्ये व्हाइसरॉय कमानीच्या परिसरातल्या बांधकामाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, ते योग्यच होते. मात्र बाहेरून येणारे बांधकाम डोळ्यांना दिसते, भिंतीतून वाहून जाणारी माती दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी मोर्चा निघत नाही. युरोपात स्ट्रासबुर्ग, कलोन, ट्रॉन्डहाइम अशा कॅथेड्रलांच्या शेजारी त्यांच्या स्वतःच्या कायम कार्यशाळा आहेत. पाथरवट, सुतार, लोहार तिथे पिढ्यान् पिढ्या शिकतात. 2020मध्ये युनेस्कोने या कार्यशाळांच्या पद्धतीची नोंद वारसा-जतनाच्या उत्तम उदाहरणांत केली. जुन्या गोव्यात सात वास्तू जागतिक वारसा यादीत आहेत, से कॅथेड्रलपासून संत कायतानच्या घुमटापर्यंत, आणि सगळ्या जांभ्याच्या. एका कायम चुन्याच्या आवाराला पुरेल इतके काम इथे कायमच असणार आहे. तिथे भट्टी, विरवण्याची टाकी, घाणा आणि दहा-बारा पगारी गवंडी असावेत, शिकणारी पोरे असावीत, आणि वसई-रेवदंड्याच्या पोर्तुगीज वास्तूंपासून सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या देवळांपर्यंत कोणीही तिथून मुरलेला चुना आणि सल्ला घ्यावा. सर्वेक्षण, आर्चडायोसीस, राज्य सरकार आणि पंचायत यांनी मिळून ते चालवले तर कोणाचाच मान कमी होत नाही.

21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात बासिलिकेत ठेवलेल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या शवाचे प्रदर्शन झाले. संताची पेटी बासिलिकेतून से कॅथेड्रलमध्ये नेली गेली आणि परत आणली गेली. दहा वर्षांच्या रिवाजाप्रमाणे पुढचे शवप्रदर्शन 2034च्या अखेरीस येईल. मधल्या वर्षांत नमुन्याचे पट्टे, छपराची आणि पायथ्याची कामे, मग एकेक बाजू, हे सगळे बसते, पण आता सुरुवात झाली तरच. चुना मुरवायला टाकण्यासाठी पूर्ण निर्णयाची वाट बघायची गरज नाही. ती टाकी येत्या पावसाळ्यातच भरता येईल.